हुकूम देणाऱ्याचे नावही आरोपपत्रात येऊ द्या : सातारा-सांगलीच्या खासदारांना खुले पत्र

प्रति,
सातारा, सांगली, माढा आणि हातकणंगले या मतदारसंघांचे माननीय लोकसभा सदस्य

स. न. वि. वि.

माढा आणि हातकणंगले इथे कुठून आले, असे कुणाला वाटेल, म्हणून आधीच सांगते. फलटण आणि माणचे मतदार माढ्याला जोडलेले आहेत, इस्लामपूर-शिराळ्याचे हातकणंगल्याला. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे संसदेत आपण चौघे मिळून मांडता, म्हणून पत्र चौघांना आहे. आपला पक्ष कुठला आणि आपण कुठल्या बाकावर बसता, याच्याशी या पत्राचा काही संबंध नाही.

मागणी आधी सांगते. नरसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि युद्धगुन्हे यांना आपल्या फौजदारी कायद्यात स्वतंत्र जागा द्या. आणि तिथेच एक कलम असे घाला, की ज्याच्या हाताखालच्या माणसांनी असा गुन्हा केला, ज्याला तो माहीत होता किंवा माहीत व्हायलाच हवा होता, आणि अडवण्याची किंवा शिक्षा करण्याची ताकद असून ज्याने काहीच केले नाही, तो वरिष्ठही गुन्हेगार ठरेल. मग तो गणवेशातला असो की खुर्चीतला.

असली मागणी दिल्लीतल्या एखाद्या प्राध्यापकाने केली असती तर कुणाला वावगे वाटले नसते. साताऱ्याच्या कोर्टात वाटपाचे दावे आणि चेकचे खटले चालवणाऱ्या वकील बाईने ती का करावी? कारण हुकूम पाळणारी पोरे आमच्याकडून जातात. आपशिंगे गावाला लोक आपशिंगे मिलिटरी याच नावाने ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. देशातली पहिली सैनिकी शाळा १९६१ साली साताऱ्यात निघाली. आजही पहाटे कुठल्याही रस्त्याने निघा, भरतीसाठी पळणारी पोरे दिसतील. माण-खटावच्या कोरडवाहू घरांत तर एक पोरगा फौजेत लागला की घराला आधार मिळतो. यातली बहुतेक पोरे जवान म्हणून जातात. हुकूम देणारे आमच्यात थोडे, घेणारे फार. म्हणून बेकायदा हुकमाचे ओझे कुणाच्या डोक्यावर पडते, हा प्रश्न आमच्यासाठी पुस्तकातला नाही.

खटाव तालुक्यातल्या एका गावी कायदेविषयक शिबिराला गेले होते. विषय होता पेन्शन आणि वारसनोंद. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी घातलेली, समोर निवृत्त फौजी आणि वीरपत्नी, प्रत्येकाच्या हातात कागदांची प्लॅस्टिकची पिशवी. एका निवृत्त हवालदारांचा नंबर आला. पिशवी त्यांनी उघडलीच नाही. म्हणाले, "मॅडम, ह्या कागदाचं होईल काय व्हायचं ते. माझा नातू यंदा भरती झालाय. उद्या त्याला साहेबानं सांगितलं, ह्या घरातली माणसं भायेर काढा आन् गोळ्या घाला, तर त्यानं काय करायचं? न्हाई म्हटलं तर कोर्ट मार्शल, व्हय म्हटलं तर खून."

मागून कुणीतरी बोलले, आपल्या फौजेत असे होत नाही. हवालदारांनी वळूनसुद्धा पाहिले नाही. "होत न्हाई ना? मग कायद्यात लिवायला काय जातंय?"

त्यांच्या प्रश्नाला कायदा आज काय उत्तर देतो ते पाहा. सेना अधिनियम १९५० चे कलम ४१ म्हणते, वरिष्ठाचा कायदेशीर हुकूम मोडला तर १४ वर्षांपर्यंत कैद. हुकूम कायदेशीर असला पाहिजे, एवढी वाट त्यात ठेवलेली आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४ ला एक उदाहरण जोडलेले आहे, जुन्या दंडसंहितेच्या कलम ७६ पासून चालत आलेले: वरिष्ठाच्या हुकमावरून, कायद्याच्या आज्ञांना धरून, सैनिकाने जमावावर गोळी झाडली तर त्याने गुन्हा केलेला नाही. 'कायद्याच्या आज्ञांना धरून' हे शब्द निसटू देऊ नका. हुकूम बेकायदा असेल तर हे कलम नातवाला वाचवत नाही. म्हणजे १९ वर्षांच्या पोराने, हातात रायफल असताना, क्षणात ठरवायचे की हुकूम कायदेशीर आहे की नाही. चुकला तर इकडे कैद, तिकडे खुनाचा आरोप.

आता साहेबाकडे या. त्याने तोंडाने हुकूम दिला आणि तो सिद्ध झाला, तर चिथावणीचे, कटाचे कलम लागेल. पण असे हुकूम तोंडाने फार थोडे दिले जातात. पाठ फिरवली जाते. आलेला रिपोर्ट खाली दाबला जातो. पहिल्या खेपेला कुणाला शिक्षा होत नाही, त्यामुळे दुसऱ्या खेपेला सगळ्यांना समजते की चालते. त्या पाठ फिरवणाऱ्याला आपल्या कायद्यात जवळजवळ काही होत नाही, कारण त्याने मुद्दाम मदत केली, हा हेतू सिद्ध करावा लागतो. डोळे मिटून बसलेल्याचा हेतू सिद्ध करून दाखवा!

या कात्रीत सापडलेला एक पोरगा जगाच्या नोंदीत आहे. त्याचे नाव द्राझेन एर्देमोविच, वय तेवीस, बोस्नियातल्या सर्ब फौजेच्या एका तुकडीतला साधा शिपाई. १६ जुलै १९९५ ला त्याच्या तुकडीला ब्रान्येवो नावाच्या शेतीफार्मवर नेले. स्रेब्रेनित्साहून पकडलेले मुस्लिम पुरुष आणि मुलगे बसमधून येत होते. त्यांना उतरवायचे, रांगेत उभे करायचे, पाठीमागून गोळ्या घालायच्या. एर्देमोविच म्हणाला, मी हे करणार नाही. उत्तर मिळाले, कीव येत असेल तर तूही त्यांच्यातच जाऊन उभा राहा. मग त्याने बंदूक उचलली. त्या एका दिवसात तिथे सुमारे १,२०० माणसे मारली गेली. सत्तरेक माणसे आपल्या हातून मेली असतील, हा त्याचा स्वतःचाच अंदाज होता.

तो स्वतःहून बोलला, माजी युगोस्लाव्हियातल्या गुन्ह्यांसाठी हेगला नेमलेल्या न्यायाधिकरणापुढे गुन्हा कबूल केला. जिवाची धमकी होती म्हणून तो पूर्ण सुटावा का, यावर १९९७ साली अपिलात न्यायाधीशांत फूट पडली. तीन विरुद्ध दोन मतांनी ठरले, की निरपराधांच्या हत्येला स्वतःच्या जिवाची भीती ही पूर्ण सबब होऊ शकत नाही. शिक्षा कमी करताना मात्र ती धरावी. त्याला आधी झालेली दहा वर्षांची शिक्षा शेवटी पाच वर्षांवर आली. हा निकाल मला आजही जड जातो. नाही म्हणालेल्या पोराला जग तुरुंगात टाकते, हे पचवणे सोपे नाही. तरी तो स्वीकारता येतो, कारण न्याय त्याच्यावर येऊन थांबला नाही. त्याने वरिष्ठांविरुद्ध साक्षी दिल्या. जनरल क्रस्टिच यांना अपिलाअंती ३५ वर्षे झाली. सेनापती म्लाडिच यांना २०१७ साली जन्मठेप झाली, २०२१ साली ती कायम झाली. शिपायाला पाच वर्षे आणि सेनापतीला आयुष्यभर. अपराधाची उतरंड अशीच असायला हवी.

उलटी उतरंड कशी दिसते, तेही पाहा. १६ मार्च १९६८ ला व्हिएतनाममधल्या माय लाय गावात अमेरिकन तुकडीने बायका, मुले, म्हातारी माणसे मारली. व्हिएतनामच्या मोजणीत मृत ५०४. पुढे दोषी ठरला तो एकच, लेफ्टनंट कॅली. त्याचा वरिष्ठ कॅप्टन मेदिना १९७१ साली निर्दोष सुटला. ज्युरीला सांगण्यात आले होते, की कॅप्टनला हत्याकांड प्रत्यक्ष माहीत होते असे सिद्ध झाले पाहिजे. माहीत व्हायला हवे होते, एवढ्याने भागणार नाही. त्याच अमेरिकेच्या लष्करी आयोगाने २५ वर्षे आधी जपानी जनरल यामाशितांना फासावर चढवले होते. फेब्रुवारी १९४५ मध्ये मनिलात जपानी सैन्याने सुमारे लाखभर नागरिक मरतील असा हैदोस घातला. यामाशिता तेव्हा दूर डोंगरात होते, दळणवळण तुटलेले होते, आणि मनिलातल्या नौदलाच्या तुकड्या त्यांच्या कह्यात किती होत्या हाही वाद होता. त्यांना माहीत होते असा थेट पुरावा नव्हता. 'तुझी फौज, तुझी जबाबदारी' एवढ्यावर शिक्षा झाली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात मर्फी आणि रटलेज या दोन न्यायमूर्तींनी त्याविरुद्ध पोटतिडकीने मत लिहिले. शत्रूच्या जनरलला एक माप आणि घरच्या कॅप्टनला दुसरे.

म्हणून हे कलम मागताना मी यामाशिता निकालासारखे कलम मागत नाही. कुणाच्याही तुकडीत काही झाले की वरचा आपोआप फासावर, असा कायदा अन्यायाचा होईल आणि प्रामाणिक अधिकारी त्यात भरडला जाईल. गेल्या तीस वर्षांत जगाने माप नीट आखून घेतले आहे. बोस्नियातल्या चेलेबिची तुरुंगछावणीच्या खटल्यात १९९८ साली तीन कसोट्या ठरल्या. हाताखालच्यांवर खरोखर ताबा होता का? माहीत होते किंवा कळायला पुरेसे कारण होते का? आणि अडवायला किंवा शिक्षा करायला शक्य ते केले का? त्याच खटल्यात छावणीप्रमुख मुसिच दोषी ठरले. देलालिच नावाचे दुसरे वजनदार गृहस्थ सुटले, कारण त्यांचा छावणीवर ताबा असल्याचे सिद्ध झाले नाही. वजन असणे आणि ताबा असणे यांतला फरक न्यायाधीशांनी काटेकोर पाहिला. पुढे काँगोचे ज्याँ-पिएर बेम्बा यांना आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०१६ साली याच तत्त्वावर दोषी धरले आणि २०१८ साली अपिलात तीन विरुद्ध दोन मतांनी सोडले. दुसऱ्या देशात गेलेल्या फौजेवर दूर बसलेला माणूस किती काय करू शकत होता, यावर ते अपील फिरले. पीडितांना तो निकाल फार लागला, आणि मलाही तो पटत नाही. पण हे कलम वरिष्ठाला आंधळेपणाने चिरडत नाही, एवढे त्यावरून कळते.

हे सगळे युरोपातून आलेले, आपल्याला परके, असे कुणी म्हणेल. त्यांनी क्षेत्र माहुलीला यावे. कृष्णा-वेण्णेच्या संगमावरचे हे गाव रामशास्त्री प्रभुण्यांचे. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून केला. 'ध'चा 'मा' कुणी केला, यावर आपण अडीचशे वर्षे बोलतो आहोत. बखरी, नाटके, कीर्तने, सगळीकडे तेच एक अक्षर. चिठ्ठीत मुळात धरावे असेच होते असे घटकाभर धरून चालू. पगारासाठी बिथरलेले हत्यारबंद गारदी वाड्यात सोडले कुणी? पोरगा काकांच्या कमरेला मिठी मारून वाचवा म्हणत असताना त्यांना आवरण्याची ताकद कुणाची होती? आणि खुनानंतर खुन्यांना पकडण्याऐवजी पेशवाईची वस्त्रे स्वतःकडे कुणी घेतली? ती वस्त्रे तर साताऱ्याहूनच जात. रामशास्त्र्यांनी चौकशी करून बोट रघुनाथरावांवर ठेवले, देहान्त प्रायश्चित्त सांगितले, आणि हे ऐकले जाणार नाही हे दिसताच पुणे सोडले. गारदी दोषी होतेच. पण गारद्यांवर थांबायचे नाही, हे त्या माणसाला कळत होते, तेही ज्याच्या हातात राज्य आहे त्याच्यासमोर उभे राहून. आज आपल्या कायद्याच्या पुस्तकात रामशास्त्र्यांच्या त्या निकालाला बसायला कलम नाही.

आणि हे फक्त फौजेपुरते नाही. सांगली-कराड-वाळवा पट्ट्यात कारखान्याचा कार्यकारी संचालक म्हणजे काय वजन असते, हे आपल्याला मी सांगायला नको. रवांडात गिसोवू इथे चहाचा कारखाना होता, संचालक आल्फ्रेड मुसेमा. शिकलेला माणूस, सैन्याशी संबंध नाही. १९९४ च्या एप्रिल ते जून या काळात बिसेसेरोच्या डोंगरांत लपलेल्या तुत्सी जमातीच्या लोकांवर हल्ले झाले. त्यांत कारखान्याच्या गाड्या होत्या, कारखान्याचा गणवेश घातलेले कामगार होते, आणि खुद्द संचालकसाहेब होते. रवांडासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने जानेवारी २००० मध्ये त्यांना जन्मठेप दिली. कामावर घेण्याचा आणि काढण्याचा अधिकार ज्याच्या हातात, त्याचा कामगारांवर ताबा, असे न्यायाधीशांनी मानले. रवांडातल्याच 'ताबा' नावाच्या गावचे महापौर आकायेसू १९९८ साली नरसंहारासाठी दोषी ठरले. कुठल्याही आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने नरसंहारासाठी दिलेली ती पहिलीच शिक्षा. मारणारे हात गावातलेच होते आणि त्यांना अडवू शकणारा माणूसही गावातलाच होता.

माझ्या रोजच्या कामातली एक गोष्ट सांगते. चेक वटला नाही की परक्राम्य संलेख कायद्याचे कलम १३८ लागते. चेक कंपनीचा असेल तर कलम १४१ खाली, कारभार ज्याच्या हाती होता तो संचालकही आरोपी होतो. मला ठाऊक नव्हते किंवा मी सगळी दक्षता घेतली होती, हे त्यानेच सिद्ध करायचे असते. साताऱ्याच्या कोर्टात असे खटले नेहमी उभे असतात. आणखी एक कलम पाहा, न्याय संहितेचे १९३. आपल्या शेतात बेकायदा जमाव जमला, दंगल झाली, आणि जमीनमालकाला किंवा त्याच्या दिवाणजीला ते माहीत होते किंवा तशी शंका येण्यास जागा होती, तरी त्याने पोलिसांना कळवले नाही, कायदेशीर मार्गाने अडवले नाही, पांगवले नाही, तर मालकाला हजार रुपयांपर्यंत दंड. हे कलम १८६० पासून आपल्या कायद्यात आहे. माहीत असणे, कळायला जागा असणे, अडवणे, कळवणे, चेलेबिचीच्या कसोट्यांमधले जवळपास सगळे त्यात आहे. शेताच्या मालकाला हे लागू, चेकवाल्या कंपनीच्या संचालकाला लागू. शेकडो माणसे मारणाऱ्या तुकडीच्या वरिष्ठाला लागू नाही. हे कुठल्या न्यायात बसते, ते मला कुणीतरी सांगावे.

आपण या बाबतीत शब्द दिलेला आहे. नरसंहारविरोधी करारावर भारताने १९४९ साली सही केली, १९५९ साली त्याला मान्यता दिली. त्या कराराच्या पाचव्या कलमाप्रमाणे देशात कायदा करणे आपल्यावर बंधनकारक आहे. साठ वर्षे उलटून गेली, कायदा नाही. डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडातल्या एका खटल्यात माजी खासदार सज्जनकुमार यांना दोषी ठरवले. घटनेला ३४ वर्षे झाली होती. त्या निकालात न्यायालयाने स्पष्ट लिहिले, की नरसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे आपल्या देशाच्या फौजदारी कायद्यात नाहीत आणि ही फट तातडीने बुजवायला हवी. त्यानंतर संसदेला सोन्यासारखी संधी आली. अख्खी दंडसंहिता नव्याने लिहिली गेली. न्याय संहिता २०२३ साली मंजूर झाली, १ जुलै २०२४ पासून लागू झाली. फट तशीच राहिली. त्या वेळी सभागृहात कोण होते आणि कोण नव्हते, याचा हिशेब मी मांडत नाही. आज आपण आहात.

जिनिव्हा करार अधिनियम १९६० आहे, असे आपले सल्लागार सांगतील. आहे, पण त्यात वरिष्ठाच्या जबाबदारीचे कलम नाही. शिवाय कलम १७ प्रमाणे सरकारने किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने तक्रार केल्याशिवाय न्यायालय दखलच घेऊ शकत नाही. ज्याच्या माणसावर आरोप, त्याच्याच परवानगीने खटला. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत लोकसेवकांवरच्या खटल्याच्या मंजुरीसाठी निदान १२० दिवसांची मुदत घातली आहे. १९६० च्या कायद्यात तीही नाही.

हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात सामील व्हा, असे मी इथे मागत नाही. १९९८ साली रोममध्ये तो करार १२० विरुद्ध ७ मतांनी मंजूर झाला तेव्हा भारत २१ तटस्थ देशांत होता. सुरक्षा परिषदेला दिलेले अधिकार आपल्याला मान्य नव्हते, अण्वस्त्रांना बंदी असलेल्या शस्त्रांत धरले नाही हेही खटकले होते. त्या आक्षेपांत तथ्य आहे, त्यावर वेगळे बोलता येईल. पण सार्वभौमत्वाचा मुद्दा काढणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ते न्यायालय पुढे येते ते देश स्वतः खटला चालवत नाही किंवा चालवू शकत नाही तेव्हाच. आपल्या घरात नीट कायदा असेल, आपल्या न्यायाधीशापुढे आपल्या भाषेत साक्षी होत असतील, तर बाहेरच्याला बोलायला जागाच उरत नाही. भारतीय जवान संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांत काँगोत, दक्षिण सुदानात जातात. त्यांच्या वरिष्ठांकडून काय अपेक्षित आहे, हे आपल्याच कायद्यात लिहिलेले असावे, यात कमीपणा कसला?

मनोधैर्य खचेल, हा आक्षेप मी सगळ्यात गंभीरपणे घेते, कारण तो आमच्याच घरांतून येतो. १९७१ ची आठवण करून देते. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण, जमालपूरला लढली. युद्ध संपले तेव्हा सुमारे ९३,००० युद्धकैदी भारताच्या ताब्यात होते. बांगलादेशात जे घडले होते ते ताजे असताना त्यांना जिनिव्हा कराराप्रमाणे वागवले गेले. आमच्या फौजी घरांना याचा अभिमान आहे. त्या कैद्यांपैकी १९५ जणांवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालवायचे बांगलादेशाने ठरवले होते. एप्रिल १९७४ च्या त्रिपक्षीय करारानंतर तेही परत गेले. पाकिस्तानच्याच हमूदुर रहमान आयोगाने वरिष्ठ अधिकाऱ्यांवर खटले भरण्याची शिफारस केली, ती फायलीत राहिली. एकाही सेनानीला न्यायालयात विचारले गेले नाही, की तुझी माणसे हे करत असताना तू काय करत होतास. ज्या फौजेने कैद्यांना नियमाने वागवले, तिला हा प्रश्न स्वतःच्या कायद्यात लिहून घ्यायला भीती का वाटावी? लेखी हुकूम मागणारा, तुकडीला आवरणारा, गैरप्रकाराचा रिपोर्ट वर पाठवणारा अधिकारी या कलमाने सुरक्षित होतो. माय लायमध्ये आपले हेलिकॉप्टर गावकरी आणि आपल्याच सैनिकांच्या मधोमध उतरवणाऱ्या ह्यू थॉम्पसनला शौर्यपदक मिळायला १९९८ साल उजाडले. आपल्या थॉम्पसनच्या पाठीशी कायदा पहिल्या दिवशी उभा राहिला पाहिजे.

आणि जुनी मढी उकरली जातील, ही भीती तर कुणीच बाळगू नये. घटनेच्या कलम २० प्रमाणे गुन्ह्याचा कायदा मागच्या तारखेपासून लावता येत नाही. कुठल्याही पक्षाच्या कुठल्याही जुन्या प्रकरणाला हे कलम शिवणार नाही. म्हणून तर घाई आहे. कायदा आज नसेल, तर आज घडलेल्या गुन्ह्याला तो पुढे कधीच लागणार नाही.

मंत्री नसलेल्या खासदारांनी मांडलेल्या खासगी विधेयकांचे काय होते, ते मला माहीत आहे. १९५२ पासून अशी अवघी १४ विधेयके कायदा झाली, शेवटचे १९७० साली. तरीही विधेयक मांडा, कारण मांडलेला मसुदा कागदावर राहतो आणि पुढच्या माणसाला तिथून सुरुवात करता येते. पण त्यावर थांबू नका. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निरीक्षणावर गृह मंत्रालयाने काय केले, हा प्रश्न तारांकित म्हणून विचारा, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे लागेल. नरसंहार कराराच्या पाचव्या कलमाचे काय झाले, हे परराष्ट्र मंत्रालयाला विचारा. गृह खात्याच्या स्थायी समितीपुढे हा विषय न्या आणि साक्षीला माजी सैनिकांना बोलवा, केवळ आम्हा वकिलांना नको. जिनिव्हा कायद्याच्या कलम १७ ला मुदत घालण्याची आणि मंजुरी नाकारली तर कारणे लेखी देण्याची दुरुस्ती सुचवा. आणि कलम लिहिताना जवानासाठीही एक ओळ असू द्या: उघड बेकायदा हुकूम नाकारणाऱ्यावर कोर्ट मार्शल होणार नाही, आणि त्याने नाकारल्याची नोंद त्याच्या सेवापुस्तकात त्याच्या विरुद्ध वापरली जाणार नाही.

मसुद्याचे काम करायला मी तयार आहे. साताऱ्यात आणि सांगलीत फौजदारी वकिली करणारे, कायदा शिकवणारे लोक आहेत. त्यांनाही मी हे पत्र पाठवत आहे आणि ते हातभार लावतील असा भरवसा आहे. पुढच्या अधिवेशनाआधी आपण चौघांनी मिळून किंवा वेगवेगळी वेळ द्यावी. आपल्यापैकी कुणाचा या मागणीला विरोध असेल, तर तोही कारणासह लेखी कळवावा. ते उत्तर मी खटावच्या त्या हवालदारांना नेऊन दाखवीन, कारण प्रश्न त्यांनी विचारला होता आणि मी त्यांना उत्तर देऊ शकले नव्हते.

आपली,
सातारा जिल्हा न्यायालयात वकिली करणारी एक मतदार